नळवाला

वसुबारस चार दिवसांवर आली आणि आमच्या न्हाणीघरातला नळ गळू लागला. गळू कसला, वाहूच लागला! खाली बादली ठेवली, ती भरली. दुसरी ठेवली, तीही भरली. तिसऱ्या बादलीला सौभाग्यवतींनी जाहीर केले, "नळ दुरुस्त झाल्याखेरीज मी सोऱ्या हातात धरणार नाही."

पुण्यात डॉक्टर रात्री-अपरात्रीही मिळेल, पण नळवाला? एक म्हणाला, "उद्या येतो." त्याचा उद्या अजून उगवायचा आहे. दुसऱ्याने फोनच उचलला नाही. तिसरा आला, नळाकडे पाहून त्याने मान हलवली आणि दोनशे रुपये घेऊन सामान आणायला गेला. तो बहुधा त्या दुकानातच स्थायिक झाला असावा.

आमचा नेहमीचा माणूस कोजागिरीला गावी गेला होता. त्याचे गाव ओडिशात, केंद्रापाडा जिल्ह्यात. त्या जिल्ह्यातली, विशेषतः पट्टामुंडाईकडची कितीतरी माणसे देशभर नळकाम करतात. हे काम शिकवणारी सरकारी संस्थाही तिथे आहे. कोजागिरीपासून तिकडे गजलक्ष्मीची पूजा असते. आमच्या लक्ष्मीपूजनासाठी त्याने आपली लक्ष्मी सोडून यावे, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

बादल्या उपसता उपसता एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या मुलाने बाराव्या वर्षी माझा पाना घेऊन स्वयंपाकघरातला नळ खोलला होता. वायसर बदलून पुन्हा बसवलाही. थेंब गळेना! पुढे दहावीनंतर त्याने विचारले, "बाबा, आयटीआयला जाऊ?" मी म्हणालो, "नळ दुरुस्त करत हिंडणार आहेस का जन्मभर?" तो गप्प बसला. आज तो बंगळूरला संगणकासमोर बसतो. पगार उत्तम आहे. पण त्यानंतर पान्याला हात लावलेला मी त्याला पाहिले नाही. नळवाला आपल्या सर्वांनाच हवा असतो. फक्त तो आपल्या घरात जन्मायला नको असतो.

वसुबारसेच्या सकाळी आमचा माणूस दारात उभा! आगगाडीतून उतरून थेट आला होता. पंधरा मिनिटांत नळ बंद झाला. सौभाग्यवतींनी त्याच्यापुढे चहा ठेवला. मी विचारले, "मुलगा काय करतो?"

"कॉलेजात आहे, साहेब. त्याला मी या कामाला हात लावू देत नाही."

"का?"

"या कामात पैसा आहे, पण पंचवीस वर्षांत माझं नाव कोणी विचारलं नाही."

माझ्या फोनमध्ये तो 'नळवाला' याच नावाने होता. त्याच्यासमोरच मी नाव विचारले आणि लिहून घेतले. चोरी पकडल्यासारखे वाटले.

रात्री मुलाचा फोन आला. "नळ झाला का?"

"झाला. वायसर गेला होता."

"मला वाटलंच!"

मी म्हणालो, "परवा येशील तेव्हा स्वयंपाकघरातला नळ जरा बघशील का? तोही कुरकुरतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "पाना आहे ना अजून?"

आहे. संध्याकाळीच शोधून, पुसून ठेवला होता.