दामेलो



आमची मुलगी नोकरीनिमित्त माद्रिदला राहते. तिचा अडीच वर्षांचा मुलगा तिथल्या पाळणाघरात जातो, त्यामुळे त्याची निम्मी भाषा मराठी, निम्मी स्पॅनिश. गेल्या दिवाळीत फोनच्या पडद्यावर आमच्या हातातला बेसनाचा लाडू पाहून तो ओरडला, "दामेलो!" आम्ही इंदूरचे, त्यातून हिंदी माध्यमात शिकलेले. आम्हाला ऐकू आले 'दाम लो'. "अरे, आजोबांच्या लाडवाचे कसले दाम?" असे म्हणून आम्ही हसलो आणि तो रडू लागला. तो बिचारा "मला ते दे" म्हणत होता. नातू आपल्याशी बोलतो आणि आपल्याला कळत नाही, हे रात्रभर टोचत राहिले.

मग मुलीकडे दर रविवारी शिकवणी सुरू झाली. 'दा' म्हणजे दे, 'मे' म्हणजे मला, 'लो' म्हणजे ते. तिन्ही मिळून एकच शब्द. (हा 'दा' आपल्या संस्कृत 'दा' धातूचाच दूरचा भाऊबंद.) आधी कोणाला, मग काय, हा क्रम मोडायचा नाही. 'त्याला ते दे' म्हणायचे तर 'ले'चा 'से' होऊन 'दासेलो'. शेपूट लांबले तरी जोर 'दा'वरच, म्हणून लिहिताना त्याच्या स्वरावर तिरकी रेघ देतात.

इथवर ठीक. अडलो नकारात. आम्ही सरळ 'नो दामेलो' म्हणून मोकळे झालो. मुलगी म्हणाली, "बाबा, नको म्हटलं की ती सर्वनामं सुटतात आणि क्रियापदाच्या आधी येतात. नो मे लो देस." होकारी आज्ञेत जोडून, नकारी आज्ञेत सुटे, आणि क्रियापदाचे रूपही वेगळे! तीन रविवार आम्ही तीच चूक केली. चौथ्या रविवारी ती वैतागली, "किती वेळा सांगायचं?"

तो सूर आमचाच होता. आमच्या शाळेतली मुले 'शाळे मध्ये', 'मित्रा ने' असे तोडून लिहितात. हिंदीत 'राम ने' सुटे आणि 'उसने' जोडून. मराठीत 'रामाने', 'त्याने' दोन्ही जोडून. दिवसभर हिंदी कानावर पडणाऱ्या मुलांचा गोंधळ होणारच. तरी आम्ही दर चुकीला अर्धा गुण कापत आलो. यंदा सहावीच्या एका मुलीचे सहामाहीत अशाने साडेचार गुण गेले.

खरे सांगायचे तर या शाळेत नोकरीसाठी दिलेल्या आमच्या अर्जातही 'शाळे मध्ये' असेच होते. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी पेन्सिलीने दोन्ही शब्दांखाली जोडणारी कमान काढली आणि अर्ज परत हातात दिला. नोकरी मिळाली.

त्या मुलीची उत्तरपत्रिका आम्ही परत मागवली आहे. मराठीच्या बाईंशी बोलून वार्षिक परीक्षेपर्यंत या चुकीला गुण न कापता पेन्सिलीने कमान काढून द्यायचे ठरले आहे. पालकांनीही घरी वह्या पाहताना तेवढेच करावे.

उन्हाळ्यात नातू इंदूरला येतो आहे. लाडवाचे बेसन आत्तापासून सांगून ठेवले आहे.