दुसरें माजघर

आवडता पदार्थ दुसऱ्या दिवशीं पुन्हां करावयास सांगितला तर तो बहुधा साधत नाहीं, हा आमच्या घरांतील स्वयंपाकाचा जुना अनुभव आहे. सामान तेंच, हात तोच. परंतु पहिल्या दिवशींची भूक मात्र तेथें नसते. दूरचित्रवाणीवरील मालिकांचेंहि असेंच होतें कीं काय, असा प्रश्न आम्हांला 2017 सालीं पडला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही आमच्याच उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचलों. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मार्च 2015 मध्यें झी मराठी वाहिनीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका सुरू झाली. मुंबईच्या एका बिऱ्हाडांत एकत्र राहणारे सहा तरुण-तरुणी, एवढेंच तिचें कथानक. गाण्यावर जीव असणारा कैवल्य, व्यवस्थित वागणारा सुजय, भाबडा आशू, नटी होण्याची हौस बाळगणारी मीनल, ॲना, आणि लग्न होऊन मुंबईस आल्यावर नवऱ्याचें मन दुसरीकडे गुंतलेलें पाहून उघड्यावर पडलेली रेश्मा. या सहाजणांचें एकमेकांशीं रक्ताचें नातें नव्हतें. तरी त्यांच्या बिऱ्हाडाचें नांव होतें ‘माजघर’.

वसई गांवांतील आमच्या जुन्या घरांत खरोखरीचें माजघर होतें. मालिका रात्रीं साडेदहाला लागे. पुष्कळांना ही वेळ अवेळ वाटली असेल. विरार गाडीनें परतणाऱ्या आमच्या भागांतील घरांना ती अगदीं सोयीची होती. चर्चगेटहून आलेला शेवटचा माणूस हातपाय धुऊन पानावरून उठेपर्यंत दहा वाजून जात. मग तिघे भाऊ, तिघी जावा, मुलें आणि ऐंशीच्या घरांतल्या आमच्या काकू असा सारा परिवार माजघरांत बसे. पहिल्या दिवशीं काकू म्हणाल्या, “ज्यांच्या जागेला माजघरच नाहीं, त्यांनीं जागेलाच माजघर म्हणायचं, कमाल आहे बाई!” परंतु सखी गोखले ही मोहन गोखले व शुभांगी गोखले यांची कन्या आणि स्वानंदी टिकेकर ही गायिका आरती अंकलीकर-टिकेकर यांची, हें कळतांच त्यांचें मत पालटलें. ‘मिस्टर योगी’ आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ त्यांनीं मोठ्या आवडीनें पाहिल्या होत्या. मुलें ओळखीच्या घरांतलीं निघालीं, आणि मग साडेदहा वाजले कीं सर्वांच्या आधीं काकू जागा धरून बसूं लागल्या.

फेब्रुवारी 2016 मध्यें मालिका संपली. त्याच वर्षीं तिच्यांतील कांहीं मंडळी ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकांतून रंगभूमीवर आली. पुढें फेब्रुवारी 2017 मध्यें तीं सहाहि माणसें पुन्हां पडद्यावर दिसलीं. मालिकेचें नांव ‘दिल दोस्ती दोबारा’. चेहरे तेच; परंतु नांवें नवीं, स्वभाव नवे, आणि माजघराच्या जागीं ‘खयाली पुलाव’ नांवाचें उपाहारगृह. पहिलीच्या बुंध्याला फुटलेला हा धुमारा ऑगस्ट 2017 पर्यंतच टिकला. पहिली जवळजवळ वर्षभर चालली होती; दुसरी सहा महिन्यांत आटोपली.

असें कां व्हावें? अमेरिकेंत ‘फ्रेंड्स’ ही मित्रमंडळाची मालिका 1994 पासून 2004 पर्यंत गाजली. तिच्यांतील जोई या पात्राला त्याच सालीं निराळ्या शहरीं नेऊन स्वतंत्र मालिका काढली, ती 2006 मध्येंच बंद पडली. तेथें नांव राखलें, पण घर आणि सोबती सुटले; आपल्याकडे चेहरे राखले, पण नांवें आणि घर सुटलें. उलट ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा दुसरा भाग जानेवारी 2019 मध्यें आला, तो कोंकणांतील त्याच नाईकवाड्यांत, काळ तेवढा मागें सरकवून. आणि लोकांनीं तो डोक्यावर घेतला. यावरून आम्हांला असें वाटतें कीं, प्रेक्षक केवळ माणसांवर किंवा गोष्टीवर लुब्ध होत नसतो. ज्या घरांत तीं माणसें त्याला भेटलीं त्या घरावर त्याचा जीव जडलेला असतो.

हें तत्त्वज्ञान सुचण्याचें कारण मात्र घरगुती आहे. पहिली मालिका संपल्यावर आणि दुसरी सुरू होण्यापूर्वीं आमचें वसई गांवांतील घर विकलें गेलें. छप्पर गळत होतें, दुरुस्ती झेपत नव्हती, मुलांना स्वतंत्र खोल्या हव्या होत्या. सारीं कारणें खरीं होतीं. कागदावर पहिली सही आमची होती. काकूंना आम्हीं विचारलें नव्हतें, फक्त सांगितलें होतें. स्टेशनाजवळच्या एका इमारतींत तिघां भावांनीं तीन मजल्यांवर तीन सदनिका घेतल्या. “एकाच जिन्यावर तर आहों!” असें आम्ही सर्वांना सांगत असूं. परंतु ज्या भावानें जन्मभर आमच्या कपांतला चहा न विचारतां प्यायला, तो आतां घंटा वाजवून “येऊं का?” असें विचारूं लागला.

अशा दिवसांत ‘दोबारा’ सुरू झाली. काकूंनीं दोन रात्री ती पाहिली आणि तिसऱ्या रात्रीं खुर्ची फिरवून घेतली. “चेहरे तेच आणि माणसं निराळीं. अशानं जीव घाबरा होतो रे,” त्या म्हणाल्या. त्यांचें बोट पडद्याकडे होतें. आम्हांला मात्र तें आमच्याकडेच रोखल्यासारखें वाटलें.

आमचा धाकटा पुतण्या त्या वेळीं नुकताच नोकरीनिमित्त बेंगळूरुला गेला होता. चार अनोळखी मुलांबरोबर तो तेथें राहत असे. त्याला ही दुसरी मालिका मनापासून आवडली होती. एके रात्रीं अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. काकूंचें गाऱ्हाणें ऐकून तो म्हणाला, “आजी, पहिली मालिका आपण सगळ्यांनीं तुझ्या माजघरांत बसून पाहिली, ती तुझी. ही मी इथं एकट्यानं पाहतों. यांनाहि सगळं नव्यानंच मांडायचं आहे, मलाहि. तूं त्यांच्यांत कैवल्य नि मीनल शोधूं नकोस, मग बघ.”

काकूंनीं पुन्हां खुर्ची वळवून घेतली. त्यानंतर रोज साडेदहाला एकीनें वसईंत आणि एकानें बेंगळूरुला तोच भाग पाहावा, आणि अकराला फोनवर त्याची चर्चा व्हावी, असा क्रम पडला. अल्पजीवी मालिकेचे जे थोडे चाहते असतात, त्यांचें मन आम्हांला तेव्हां उमगलें. ती थोर होती असा त्यांचा दावा नसतो. आपल्या आयुष्याच्या एका अडनिड्या वळणावर ती सोबतीला होती, एवढेंच ते मनाशीं धरून असतात. गाजलेल्या मालिकेची आठवण सारा गांव ठेवतो. लवकर संपलेलीची आठवण ठेवणें हें थोड्यांचें काम असतें, आणि म्हणून त्यांची माया अधिक दाट असते.

‘दोबारा’ संपली आणि थोड्याच दिवसांत, 25 ऑगस्टला, गणेशचतुर्थी आली. सदनिकांतला तो पहिला गणपति. मूर्ति कोणाकडे बसवावी यावरून भावाभावांत अबोला धरण्यापर्यंत पाळी आली. प्रत्येकजण आपल्या घरीं जुन्या माजघरासारखी आरास करूं म्हणत होता. काकूंनीं सर्वांना बोलावून घेतलें. “जुन्यासारखं करायला जाऊं नका. तें होणार नाहीं, नि नुसती तुलना होत राहील. नवं म्हणून करा,” त्या म्हणाल्या. मूर्ति थोरल्याकडे बसली, मोदक मधल्या मजल्यावर झाले, पंगत आमच्याकडे झाली. तिन्ही दारें दिवसभर उघडीं होतीं आणि बेंगळूरुहून आलेला पुतण्या ताटें घेऊन जिना चढत-उतरत होता.

माजघर गेलें तें गेलेंच. काकूंना न विचारतां केलेल्या त्या सहीचें समर्थन आम्हांला आजहि करतां येत नाहीं. परंतु तो जिना आतां आम्हांला पूर्वींइतका परका वाटत नाहीं, आणि रात्रीं साडेदहाच्या सुमारास कोणाच्या दाराची घंटा वाजली, तर आम्ही आंतूनच ओरडतों, “विचारतोस काय? ये!”