नको असलेला फोटो

मामाच्या स्टुडिओतली पत्र्याची ट्रंक मागच्या महिन्यात पोटमाळ्यावरून खाली उतरवली. झाकण उघडलं आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की मामेभाऊ दोन पावलं मागे सरला. "काय सडलंय रे यात?" सडल्या होत्या निगेटिव्ह. जुनी ॲसिटेट फिल्म दमट हवेत खराब व्हायला लागली की ॲसिटिक ॲसिड सोडते, आणि चिपळूणपेक्षा दमट हवा आणायची कुठून! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा ट्रंक उंचावर होती म्हणून बचावली. पुराने सोडलं ते हवेने खाल्लं.

पाकिटं मात्र शाबूत होती. प्रत्येकावर मामाचं तिरकं अक्षर. नंबर, आडनाव, खाली 'पासपोर्ट', 'बारसं', 'मुलगी दाखवणे'. काउंटरमागे पाटी असायची: 'निगेटिव्ह जपून ठेवल्या जातील. जादा प्रतींसाठी नंबर सांगावा.' ती पाटी मामा शब्दशः पाळायचा. डोळे मिटलेलं बाळ, हललेली आजी, फ्लॅश उडाला नाही म्हणून काळोखात गडप झालेलं अख्खं वऱ्हाड, सगळं पाकिटात. "धुतल्याशिवाय वाईट म्हणायचं नाही आणि धुतल्यावर टाकायचं नाही," हा त्याचा कायदा. एवढ्या पाकिटांत एकच रिकामं निघालं. त्यावर नंबरखाली फक्त 'दिली' असं लिहिलेलं. ते कुणाचं, हे मला पाकीट न वाचताही सांगता आलं असतं.

मामाचा हा कायदा मी एकदा भिगवणला, पक्ष्यांचे फोटो काढताना, होडीत, सांगून पाहिला होता. आमच्या ग्रुपमध्ये एक ज्येष्ठ आहेत. नाव नको, लेन्स सांगितली तरी लोक ओळखतील. ते सेकंदाला वीस फ्रेम उडवायचे आणि मग मान खाली घालून कचऱ्याच्या डब्याचं बटण टिपटिप दाबत बसायचे. "जागच्या जागी साफ करावं. घरी ढीग नेऊ नये. शिस्त लागते." शिस्त सगळ्यांना लागावी म्हणून ते दुसऱ्यांचे कॅमेरेही मागून घेत. माझा कॅमेरा असाच त्यांच्या हातात होता आणि माझ्या फ्रेममधलं काय काय वाईट आहे ते मला समजावणं चाललं होतं. तेवढ्यात उजनीच्या पाण्यावर ऑस्प्रे आदळला आणि पंजात मासा घेऊन उठला. होडीवाला दादा म्हणाला, "सायेब, तुमचं पुसून झालं का? त्यो गेला." माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

कॅमेऱ्याच्या तीन इंचांच्या स्क्रीनवर, भर उन्हात, फोकस डोळ्यावर बसलाय की चोचीवर हे धड दिसत नाही. घाईत अंगठा नको तिथे पडतो आणि भलताच फोटो जातो. ही झाली व्यवहाराची कारणं. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. फोटो काढल्या काढल्या आपण तो बघतच नसतो. जो मिळायला हवा होता त्याच्याशी ताडून बघत असतो. मनातला फोटो विसरला जाईपर्यंत हातातला दिसत नाही. गॅरी विनोग्रँड हे ओळखून होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हिंडून काढलेले रोल तो मुद्दाम वर्ष-वर्ष धुवायचा नाही, काढतानाचा आनंद निवडीत लुडबुडू नये म्हणून. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले पडून होते. इतकी सबुरी मामालाही परवडली नसती, गिऱ्हाईक संध्याकाळी दारात उभं असायचं.

फोटोग्राफर डर्क हॉलस्टेडचा किस्सा तर भिगवणच्या होडीत फ्रेम करून लावण्यासारखा आहे. १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या निधी जमवण्याच्या एका कार्यक्रमात गर्दीतल्या मुलीला क्लिंटन मिठी मारतात, आणि हा फिल्मवर ते टिपतो. तेव्हा त्या फोटोला काडीची किंमत नव्हती. १९९८ मध्ये क्लिंटनसोबतच्या प्रकरणामुळे मोनिका लेविन्स्कीचा चेहरा सगळीकडे झळकला, तेव्हा त्याला वाटलं, ही कुठेतरी पाहिलीय. मदतनीस बसवून जुन्या ट्रान्सपरन्सी उपसल्या आणि तो फोटो 'टाइम'च्या मुखपृष्ठावर गेला. तिथे इतर फोटोग्राफरही होते. हॉलस्टेडच्या सांगण्याप्रमाणे, नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्यांनी आपापले फोटो बिनकामाचे म्हणून पुसून टाकले होते.

उलट टोकाला रॉय स्ट्रायकर. महामंदीतली ग्रामीण अमेरिका टिपायला १९३५ पासून सरकारने फोटोग्राफर पाठवले. त्यांचा हा साहेब. वॉकर इव्हान्स, रसेल ली यांच्यासारख्यांच्या निगेटिव्ह त्याच्या टेबलावर येत आणि नापसंत निगेटिव्हला तो पंचिंग मशीनने भोक पाडी. फोटोग्राफरनी कटकट केली, पुढे ते थांबलं. पण भोकं पडलेल्या निगेटिव्ह आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. छापल्या की कुणा शेतकऱ्याच्या तोंडावर, कुणाच्या शेतावर, एक काळा गोल उमटतो. ते गोल पाहताना मला स्ट्रायकरचा राग यायला हवा. पण मला आठवते मामाकडे आलेली ती मुलगी.

मी तेव्हा शाळेत होतो, सुटीत स्टुडिओत लाईट धरायला उभा राहायचो. मागे कमळाच्या तळ्याचा रंगवलेला पडदा, पुढे ती, हातात प्लास्टिकची फुलं. गालावर देवीचे व्रण. रात्री मामा निगेटिव्ह घेऊन बसला. खालून बल्ब लावलेली घासलेली काच, डोळ्याला भिंग, सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. एकेका व्रणात तो ठिपका ठेवायचा, श्वास रोखून. निगेटिव्हवर भरलेला ठिपका प्रिंटमध्ये उजळ येतो. सकाळी गाल गुळगुळीत झाला होता आणि तिचे वडील खूश होऊन प्रती घेऊन गेले.

काही महिन्यांनी एका दुपारी ती एकटीच आली. "काका, तो फोटो पुसता येईल का?" मामाने कारण विचारलं. ती म्हणाली, "बघायला आलेली माणसं आधी फोटो बघतात, मग मला." पुढे ती काही बोलली नाही. मामाने पाकीट काढलं, निगेटिव्ह तिच्या हातात दिली आणि न मागता कात्रीही पुढे केली. पाकिटावर 'दिली' लिहिलं. पैशांचा विषय निघाला नाही. हललेली आजीसुद्धा न टाकणारा माणूस हा.

तो फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता, हे मी आजही विसरू शकत नाही. नको असलेला फोटो म्हणजे नेमका कुणाला नको असलेला, हा प्रश्न होडीतल्या आम्हा कुणालाही पडला नव्हता. फ्लेमिंगो हरकत घेत नाहीत. घाटावर, वारीत, जत्रेत आपण ज्यांच्यावर लेन्स रोखतो ती माणसं घेऊ शकतात. आणि आज कात्री उरलेली नाही. कॅमेऱ्यात डिलीट केलं की कार्डाच्या यादीतली नोंद तेवढी जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतो आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तो उकरून काढतं. फोनवरून बॅकअप घेतलेला फोटो गुगल फोटोजच्या बिनमध्ये ६० दिवस बसून राहतो. "डिलीट केला हं ताई" हा आता निव्वळ शब्द आहे, पाळला तर खरा.

तेव्हा भिगवणच्या ज्येष्ठांना आणि सगळ्यांनाच सांगणं एवढंच. आपल्याला आवडला नाही म्हणून बाहेर असताना एकही फोटो पुसू नका. जादा कार्ड खिशात ठेवा आणि निवड घरी, मोठ्या स्क्रीनवर, चार दिवसांनी करा. पण फोटोतलं माणूस "नको" म्हणालं, तर तिथल्या तिथे, त्याच्या देखत पुसा, आणि घरी आल्यावर तो परत मिळवायला जाऊ नका.