लग्नाचं बोलणं थांबवा, बाबा

जालना, रात्री



गाडी जेवणासाठी थांबली आहे. मेहकर, सिंदखेडराजा मागे पडलं. ट्रॅव्हल्समधली निम्मी पोरं आपल्याच तालुक्यातली. सोयाबीन काढून झालं, दिवाळी झाली, आता चाकण-भोसरीच्या कंपन्यांत परत निघालीत. धाकटा भाऊ खिडकीशी बसला आहे. हात थरथरतात, म्हणून चहाचा कप मी धरला. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून वाशिमच्या डॉक्टरांनी प्रवासापुरत्या गोळ्या दिल्या आहेत आणि पुण्यात थेट दाखल करायला सांगितलंय. तुम्ही म्हणत होता, चार दिवस खोलीत कोंडून ठेवू. त्यात जीव जाऊ शकला असता.

काकांनी निघताना ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ असं जाहिरातीचं कात्रण हातात दिलं. ते औषध घरात आणू नका. अशा पुडीत काय असतं ते कोणी सांगत नाही. डायसल्फिराम असलं आणि तो वरून प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर ती गोळी देतात तेव्हा रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात.

येरवडा, पुणे

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात त्याला दाखल केलं. पस्तीस दिवस राहायचं आहे. सही त्याने स्वतः केली, हे आईला आवर्जून सांगा.

तुम्ही विचारलं होतं, ही माणसं कोण. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, ओढणाऱ्या पोरांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हलले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला हे केंद्र उभं राहिलं. अनिताबाई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये. आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम पाहते.

इथे दारूला आजार म्हणतात. ‘पोराला लाज उरली नाही’ हे आपल्या घरातलं रोजचं वाक्य मला इथे बसून फार लागलं. लाज त्याला भरपूर आहे. ती लपवायलाच तो रात्री प्यायचा आणि सकाळी उठून तिच्यापायी पुन्हा प्यायचा. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी इथे वेगळा गट आहे, ‘सहचरी’. नवरा आत उपचार घेतो तेव्हा बाईनेही बोलायचं, रडायचं, शिकायचं. आपल्या घरात कोणी शिकलं? उसनवारी फेडली आपण, ठेकेदाराला खोटी कारणं सांगितली आपण. प्रेमानेच केलं, पण त्या प्रेमावर त्याचं पिणं वर्षानुवर्षं चाललं.

भोसरी, पुणे

त्याच्या खोलीवर सामान आवरायला आले. दहा बाय दहाची खोली, पोरं जास्त, गाद्या कमी. रात्रपाळीचा येतो तेव्हा दिवसपाळीचा उठून जातो. एका गादीवर झोपणारी दोन माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. बारा तास उभं राहायचं, मेसचं जेवायचं, आणि पगार झाला की क्वार्टर. कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये गावाकडचं कोणी भेटलं की त्याला बरं वाटायचं, असं तो म्हणाला. तेवढीच एक जागा होती जिथे कोणी त्याची वाट पाहायचं. बाबा, ‘शहराने पोरगा बिघडवला’ म्हणणं सोपं आहे. आपण त्याला एकट्याला पाठवला आणि दर महिन्याला फक्त पैशांचा फोन केला.

काल अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या खुल्या सभेला गेले. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलून सावरले. तिथून हे सुरू झालं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. नुसतं नाव सांगायचं, मी मद्यपी आहे म्हणायचं आणि आजचा दिवस प्यायची नाही. एक माणूस वऱ्हाडी बोलीत बोलला. काय बोलला ते लिहीत नाही, ऐकलेलं तिथेच ठेवायचा नियम आहे. पण आपली बोली त्या खोलीत ऐकून मला धीर आला.

आता मुख्य. दोनाचे चार हात केले की सुधारेल, हे बोलणं थांबवा. मेहकरच्या मंडळींना नाही म्हणून कळवा आणि कारण खरं सांगा. कोणाच्या लेकीला औषध म्हणून घरात आणायचं नाही. ती आली तर उद्या तीच ‘सहचरी’च्या गटात बसलेली असेल. वारकऱ्यांची माळ घालून दारूतून सुटलेले लोक आपल्याकडे आहेत, मी ते पाहिलंय. पण त्यांच्यामागे दिंडी होती, रोज सोबत होती. धाकट्याला घालायची असेल तर त्याने घालावी, आपण गळ्यात टाकायची नाही.

तो बाहेर आल्यावर पुण्यातच राहावा असं मला वाटतं. इथे सभा आहे, पाठपुरावा आहे. खोली बदलू, परमिट रूमच्या वाटेवरची नको. पुन्हा घसरला तरी फोन बंद करायचा नाही, पैसे मात्र त्याच्या हातात द्यायचे नाहीत. कुटुंबीयांच्या भेटीला तुम्ही आणि आई दोघांनी या. तूर कोणाला तरी बघायला सांगा. रिसोडहून रात्रीची गाडी धरा, वाघोलीला उतरा, मी घ्यायला येते.

तुमची मुलगी