नत्राची वाट

मातीचा नमुना घेताना वीतभर खोल खड्डा करायचा, आतली सुटी माती काढून टाकायची आणि कडेची माती वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीने तासून घ्यायची. बांधाजवळ नको, झाडाखाली नको, जुन्या उकिरड्याच्या जागी नको, नुकतंच खत पडलंय तिथे तर मुळीच नको. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी हे करायचं. मग सगळी माती स्वच्छ फडक्यावर मिसळायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत हाती राहते अर्धा किलो. एका एकरात वरच्या वीतभर थरात साधारण नऊ लाख किलो माती असते. त्या सगळ्या मातीची साक्ष या मूठभर मातीने द्यायची असते. नमुना चुकला तर पुढचं कोणतंही यंत्र ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्बाची तपासणी मी आजही स्वतःच्या हाताने करते. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घातलं की फ्लास्क चटका बसेल इतका तापतो. अर्ध्या तासाने पाणी आणि सूचक घालायचं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जायचं. गडद जांभळा रंग निवळत जातो आणि एका थेंबाला लख्ख हिरवा होतो. त्या थेंबावर हात थांबवायला शिकण्यात माझं पहिलं वर्ष गेलं. आमच्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या काळ्या जमिनीत हा कर्ब अनेकदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली निघतो. आकडा लिहिताना वाईट वाटतं, कारण नत्र धरून ठेवणारं घरच रिकामं झालेलं असतं.

युरिया जमिनीत पडला की आधी त्याचा अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार, चिकणमातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटही ऋणच. त्याला माती धरत नाही. मुळांनी उचललं तेवढं पिकाचं, बाकीचं पाटपाण्याबरोबर खाली उतरतं. स्फुरदाची तऱ्हा वेगळी, ते कणाला चिकटून पहिल्या पावसाच्या गढूळ लोंढ्याबरोबर ओढ्यात जातं. सांडपाण्यातल्या स्फुरदाची त्यात भर पडते आणि पंचगंगेवर जलपर्णी फोफावते.

शिरोळ तालुक्यातल्या एका मळ्यातल्या विहिरीने मला हे खरं शिकवलं. उन्हाळ्यात नमुना घेतला, नायट्रेट मर्यादेच्या आत आलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. मी मळ्याच्या मालकांना, आबांना सांगितलं, पाणी चांगलं आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा गेले तेव्हा तेच पाणी मर्यादा ओलांडून गेलं होतं. उसाला दिलेलं खत पावसाने खाली नेलं होतं आणि मी वर्षातल्या एका दिवसाचं उत्तर वर्षभराचं म्हणून सांगून आले होते.

‘‘ताई, पाणी तर ग्वाड लागतंय की,’’ आबा म्हणाले. लागणारच. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. घरात लेक बाळंतपणाला आलेली, बाळ वरच्या दुधावर. तिने विचारलं, ‘‘उकळून दिलं तर चालेल?’’ नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात त्यामुळे प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. हे तिला सांगताना माझा उन्हाळ्यातला कागद आबांच्या फडताळात होता. त्या दिवसापासून बाळासाठी गावातल्या तपासलेल्या नळाचं पाणी येऊ लागलं.

परत येताना गाडीत मी हिशेब मांडला. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो. त्यातलं फक्त एक किलो नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरलं, तरी सुमारे एक लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरतं. शेतात असताना त्याला आपण अन्न म्हणतो, विहिरीत गेल्यावर प्रदूषण. पदार्थ तोच. तरी मातीचा कागद एका कपाटात, पाण्याचा दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचणारं कुणी नाही. ही आमच्या शास्त्राची मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आबांनी पुढच्या लावणीला ठिबक घेतलं, युरिया एकदम न टाकता थोडा थोडा देऊ लागले आणि पाचट जाळायचं थांबवलं. विहीर मात्र लगेच निवळत नाही. खाली उतरलेलं नत्र परत बोलावता येत नाही.

म्हणून माती तपासायला याल तेव्हा पिशवीबरोबर विहिरीच्या पाण्याची एक बाटलीही आणा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. चिठ्ठीवर तारीख आणि शेवटचं खत कधी टाकलं तेही लिहा. आणि पावसाळा संपल्यावर दुसरी बाटली घेऊन पुन्हा या.