वाळू, हवा आणि मी शहाणा!

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की घरच्यांच्या लेखी आपण गाडीचे डॉक्टर होतो. खरं सांगायचं तर साधा टायर बदलायची वेळही माझ्यावर तोवर आली नव्हती. पण तसं कबूल कोण करतो?

माझे मामा बोट्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनला अकाउंटंट आहेत. २०२३ च्या जुलैत त्यांनी मला बोलावून घेतलं. छपरावर घडीचा तंबू असलेली फोर व्हील ड्राइव्ह भाड्याने घेऊन मामा, मामी आणि मी जंगलात निघालो. गाइड नाही, ड्रायव्हर नाही. माऊनला टाकी आणि जादाचे कॅन भरले, कारण पुढचा पंप थेट कासानेला. मधला जवळपास सगळा रस्ता वाळूचा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, तेवढंच काय ते ओळखीचं!

पहिला मुक्काम मोरेमीत. १९६३ मध्ये बातावाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर हे जंगल राखीव केलं. पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरात. ते पाणी इथवर यायला काही महिने लागतात, म्हणून ओकावांगोला पूर येतो तो ऐन कोरड्या हिवाळ्यात. कॅम्पला कुंपण नाही. रात्री तंबूची चेन लावली की आपण पिंजऱ्यात आणि प्राणी मोकळे!

ख्वाईहून सावुतीला निघताना मामा म्हणाले, "टायरची हवा कमी करू या का रे? गाडीवाल्याने सांगितलं होतं." मी लगेच लेक्चर सुरू केलं. साइडवॉल, रिम, मायलेज... "काही गरज नाही, मामा!" मामांनी ऐकलं. भाचा इंजिनिअर होणार ना!

दुपारी चारही चाकं रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबत गेलो, चाकं जागच्या जागी फिरून खड्डा खोल करत गेली आणि शेवटी चेसिस वाळूला टेकली. मोबाइलला रेंज नाही. दारापासून दहा पावलांवर सिंहाच्या पंजाचे ठसे. ताजे की शिळे, हे ओळखण्याइतकी अक्कल आमच्यात कुणालाच नव्हती.

मामी दारात उभं राहून चहूकडे नजर ठेवत होत्या. फावडं एकच. ते मामांनी घेतलं. मी जेवणाच्या ताटलीने वाळू उपसत होतो. मामांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली होती. थोड्या वेळाने ते चाकाला टेकून बसले. शर्ट घामाने चिंब, हात छातीवर. "काही नाही रे, दम लागलाय." मामी काहीच बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. व्हायव्हाला एक्स्टर्नलसुद्धा असं बघत नाही.

मी गुपचूप उठलो आणि व्हॉल्व्हमध्ये किल्ली खुपसली. ३५ पीएसआयवरून २० वर. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. गाडीचं वजन तेच. पण हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत घुसण्याऐवजी वरून जातं. याच सूत्रावर फर्स्ट इयरला मार्क मिळवले होते! उरलेली वाळू एकट्याने उपसली, चाकांखाली पायपुसणी घातली आणि हळूच क्लच सोडला. गाडी हलली, थांबली... आणि निघाली.

सावुतीच्या कॅम्पवर न्हाणीघराभोवती किल्ल्यासारखी भक्कम भिंत आहे. पाण्यासाठी हत्ती नळ, पाइप उखडून टाकायचे म्हणून. ती बांधणाऱ्याने हत्तींचं सुद्धा ऐकून घेतलं होतं म्हणायचं. मी तर मामांचंही ऐकलं नव्हतं.

रात्री शेकोटीपाशी मामांनी विचारलं, "हे तुमच्या पुस्तकात नव्हतं का रे?"

"होतं. पहिल्याच वर्षी."

मामा एवढे हसले की मामींनी त्यांना गप्प केलं; लांब कुठेतरी सिंह डरकाळ्या देत होता. मला मात्र हसू येईना. छातीवर हात ठेवून बसलेले मामा डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

होस्टेलला परतल्यापासून एक सवय लागलीय. वर्कशॉपमध्ये लेथवर जॉब लावताना तिथले मामा मागून काही सांगू लागले, की मी मशीन थांबवतो आणि आधी ऐकून घेतो. शेवटी तेही मामाच!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी