ब्रेकमधील बुडबुडा

वाहनास वेग देणाऱ्या साधनाकडे आपलें लक्ष सहज जातें. थांबविणाऱ्या साधनाची आठवण मात्र बहुधा उतारावरच होते. आमच्या धाकट्या बंधूनें पांचगणीहून पसरणीच्या घाटानें सायकलवर वाईस उतरण्याचा बेत केला, तेव्हां आम्ही प्रथम सायकलचे ब्रेक तपासले. पुढच्या ब्रेकचा लीव्हर दाबतांच तो थेट मुठीस टेकला. अशा स्थितींत त्यास घाट उतरूं देणें आम्हांस उचित वाटलें नाहीं.

ह्या सायकलीस तारेचे नव्हे, तर तेलाचे ब्रेक आहेत. लीव्हर दाबला म्हणजे नळींतील तेल चाकाजवळील पिस्टनांस ढकलतें, आणि पॅड चाकावरील पोलादी चकतीस दोहों बाजूंनीं आवळतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) ह्यानें सांगितलेला नियम येथें कामीं येतो. तेल दाबानें जवळजवळ आक्रसतच नाहीं. हवा मात्र आक्रसते. म्हणून नळींत हवा शिरली, कीं हाताचें बळ ती दाबण्यांतच खर्चीं पडतें व चाकापर्यंत पोंचत नाहीं.

हा दोष घरीं दूर करतां येतो. प्रथम आम्ही माहितीपत्रक वाचून कोणतें तेल लागतें हें निश्चित केलें. कांहीं ब्रेकांत खनिज तेल, तर कांहींत ‘डॉट’ जातीचा द्रव असतो. एकाच्या जागीं दुसरें घातल्यास आंतील रबरी कड्या खराब होतात. आमच्या ब्रेकास खनिज तेल हवें होतें. मग चाक व पॅड दूर ठेविले, कारण पॅडांस किंवा चकतीस तेल लागलें तर पकड जाते. पिस्टन बाहेर सरकूं नयेत म्हणून मध्यें प्लास्टिकचा ठोकळा बसविला. लीव्हरच्या वरच्या छिद्रावर नरसाळें लाविलें, खालच्या तोटीस तेलानें भरलेली पिचकारी जोडली. बंधूनें पिचकारी सावकाश दाबली आणि आम्ही नळीवर टिचक्या मारीत राहिलों. नरसाळ्यांत एकामागून एक बुडबुडे वर आले. ते पुरते थांबल्यावरच तोटी बंद केली. आतां लीव्हर दाबला, तों तो अर्ध्या वाटेवर घट्ट लागला. सांडलेलें तेल पुसून, ते भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलानें स्वच्छ करून चाक बसविलें, व सपाट अंगणांत पुनःपुन्हां थांबून पाहिलें.

विद्यार्थिमित्रहो, ती सायकल बाहेरून चकचकीत होती; दोष होता तो आंत, दृष्टीआड. तो कळला केवळ निघण्यापूर्वीं लीव्हर दाबून पाहिल्यामुळें. सायकलीची घंटा, रंग व झळाळी ह्यांची चौकशी आपण नित्य करतों. ब्रेकची चौकशीही तितक्याच नेमानें करावी. लीव्हर नरम लागल्यास उतारावर जाऊं नये, आणि दुरुस्ति स्वतः जमत नसल्यास जाणत्या कारागिराकडे जाण्यांत संकोच मानूं नये. पालकांसही आमची हीच विनंति आहे: मुलास सायकल घेऊन देतांना ती थांबविण्याची विद्याही द्यावी.